उभा पसरणारा ग्रुप: ५० मीटर रायफलच्या एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातील एका महाविद्यालयीन नेमबाज मुलीचे आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत; तांत्रिक नोंदी मात्र तिच्या सराव-वहीत आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणातून काही शिकण्यासारखे असेल तर ते त्या नोंदींतच आहे. त्या काळात मी तिच्या सरावावर देखरेख करत होतो. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील, त्यांतल्या निदान दोन माझ्या आहेत.

कोल्हापूरला नेमबाजीचे वेड नवे नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचे, म्हणजे पालथे झोपून मारण्याच्या प्रकाराचे, सुवर्ण जिंकले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतले. ही मुलगी १० मीटर एअर रायफलमधून थ्री पोझिशनकडे वळली. या प्रकारात नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन आणि स्टँडिंग (उभे राहून) अशा तीन स्थितींतून प्रत्येकी २० गोळ्या मारायच्या असतात. तिची रायफल जर्मन बनावटीची, ०.२२ लाँग रायफल बोअरची, म्हणजे त्या नावाची बारीक काडतुसे उडवणारी होती. एका ज्येष्ठ नेमबाजाकडून ती रीतसर परवान्यावर हस्तांतरित होऊन आलेली होती आणि दहाएक वर्षे वापरातली होती.

तिच्या वडिलांचे उद्यमनगरात छोटे मशीन शॉप आहे. ऑइल इंजिनचे सुटे भाग करता करता ते वाहन उद्योगाच्या कामाकडे वळले. लोखंड कसे वागते हे त्यांना हाताने कळते आणि मोजमापाच्या बाबतीत ते कोणाचे ऐकत नाहीत. हा स्वभाव या प्रकरणात एकदा अडचणीचा ठरू पाहत होता आणि शेवटी तोच उपयोगी पडला, म्हणून त्याचा उल्लेख आधीच करून ठेवतो.

अडचण

ऑक्टोबरपर्यंत प्रोनमध्ये तिचे २०० पैकी १९७-१९८ गुण सहज होत असत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते १९२ ते १९४ वर आले. गुण उतरणे नवे नव्हते, पण या वेळी गोळ्यांचा पसारा निराळा होता. डावी-उजवी बाजू पूर्वीसारखीच आवळलेली होती आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, फक्त वर-खाली ताणला जात होता. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि नऊच्या वर्तुळाचा २६.४ मिलिमीटर असतो. म्हणजे मधोमध धरलेल्या नेमापासून गोळी जेमतेम एक सेंटिमीटर वर गेली की दहा हातचा जातो.

प्रोनमध्ये ग्रुप उभा पसरला की प्रशिक्षकाला सर्वांत आधी श्वास आठवतो. छाती जमिनीला टेकलेली असल्याने श्वास नीट थांबला नाही तर नळी वर-खाली होते. मीही तेच धरून चाललो आणि तीन आठवडे तिच्याकडून श्वासाचे सराव करून घेतले. ते तीन आठवडे वाया गेले. त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या तंत्रावरचा तिचा विश्वास डळमळला. एका सकाळी तिने शांतपणे विचारले, "सर, गोळी सुटली तेव्हा माझा नेम दहातच होता. मग मी नक्की काय सुधारू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

नेमाचा मार्ग टिपणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र आम्ही एका मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणले. ट्रिगर दाबल्याच्या क्षणी नेम कुठे होता हे ते दाखवते. पाहिलेल्या ४० गोळ्यांपैकी बहुतेक वेळा नेम दहाच्या आत होता, आणि तरी त्यांतल्या कितीतरी गोळ्या नऊमध्ये गेल्या होत्या. दोष मुलीचा नसून रायफलीचा किंवा काडतुसांचा आहे हे त्या दिवशी कळले. हे यंत्र पहिल्याच आठवड्यात आणायला हवे होते.

विचारात घेतलेले पर्याय

त्या संध्याकाळी तिच्या घरी आम्ही बसलो. वडिलांनी परदेशातील लांब पल्ल्याच्या नेमबाजीबद्दल बरेच वाचून काढले होते. तिकडे हजार यार्डांवर मारणारे लोक आपली काडतुसे स्वतः भरतात. वापरलेली पितळी केस पुन्हा मापात आणतात, दारू पेटवणारी नवी टोपी बसवतात, दारू तोलून भरतात आणि गोळी ठरलेल्या खोलीवर बसवतात. एवढा खटाटोप करण्याचे कारण म्हणजे त्या अंतरावर वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तरी गोळी वीतभर किंवा त्याहून जास्त वर-खाली जाते. नळी, ॲक्शन (काडतूस आत घेऊन उडवणारी यंत्रणा), ट्रिगर आणि स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) वेगवेगळ्या कारागिरांकडून घेऊन एकेक रायफल जुळवली जाते, तीही याच कारणासाठी. वडिलांचे म्हणणे सरळ होते: हे सगळे काम मापाचे आहे आणि मापाचे काम कोल्हापुरात होत नाही असे नाही.

काडतुसे स्वतः भरण्याचा पर्याय दोन कारणांनी बाद झाला आणि ही कारणे नवख्या पालकांनी नीट समजून घ्यावीत. पहिले तांत्रिक आहे. लांब पल्ल्याच्या काडतुसात पेट घेणारी टोपी केसच्या तळाशी मधोमध बसवलेली असते आणि ती बदलता येते. ०.२२ च्या काडतुसात वेगळी टोपीच नसते. पेट घेणारे द्रव्य केसच्या कडेच्या घडीत भरलेले असते आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा चेपलेली कड परत वापरता येत नाही. दुसरे कारण कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणे, त्यात बदल करणे, दुरुस्ती करणे, इतकेच नव्हे तर त्याची चाचणी घेण्याचा व्यवसाय करणे यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. खेळाडूचा शस्त्रपरवाना म्हणजे तो परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षांची शिक्षा आहे.

दुसरा पर्याय मांडताना वडिलांचा आवाज बदलला. "सर, चार दिवस द्या मला. नळीचं तोंड आरशागत करून देतो." नळीच्या तोंडाची कड झिजली किंवा खरचटली तर बाहेर पडणाऱ्या गोळीला असमान धक्का बसतो, हे त्यांचे म्हणणे खरे होते. लेथवर ते काम त्यांनी उत्तम केले असते याबद्दल मला शंका नाही. पण वर सांगितलेले कलम इथेही लागू होते. शिवाय कड खराब असती तर ग्रुप सगळीकडे विस्कटला असता, फक्त उभा ताणला गेला नसता. मी नाही म्हटले. त्यांना वाईट वाटले, ते मला दिसले.

तिसरा पर्याय नवी नळी मागवण्याचा होता. खर्च मोठा, आयातीची परवानगी आणि वेळ वेगळाच, आणि दोष नळीतच आहे याचा पुरावा कोणताच नव्हता. चौथा पर्याय काडतुसांचा लॉट बदलण्याचा. चांगल्या दर्जाची ०.२२ काडतुसे एकाच यंत्रावर, एकाच दारूच्या साठ्यातून भरली जातात आणि त्या गटाचा क्रमांक पेटीवर छापलेला असतो. एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे दोन लॉट एका रायफलीतून जमीन-अस्मानाच्या फरकाने उडू शकतात. त्यामुळे जी मंडळी स्वतः काडतुसे भरू शकत नाहीत, त्यांची सगळी कारागिरी लॉट निवडण्यात लागते. हा पर्याय आम्ही स्वीकारला.

पहिला निर्णय आणि त्याचे फसणे

एका दुपारी आम्ही चार लॉट तपासले. प्रत्येक लॉटच्या पाच गोळ्या, तिच्याच खांद्यावरून, प्रोनमध्ये. त्यांतल्या एका लॉटचा ग्रुप इतका आवळून आला की पाचही छिद्रे मिळून एक फाटका खड्डा दिसत होता. आम्ही सगळेच हरखलो आणि त्या लॉटची २००० काडतुसे घेऊन टाकली, म्हणजे ५०० च्या चार मोठ्या पेट्या. वर्षभराच्या कोट्याचा आणि घरच्या पैशाचा हा मोठा हिस्सा होता.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सकाळी सातला सराव लावला आणि ग्रुप पुन्हा उभा पसरला.

इथे माझी दुसरी चूक स्पष्ट दिसते. पाच गोळ्यांचा एक ग्रुप हा पुरावा नसतो. सामान्य लॉटही अधूनमधून पाच गोळ्या एका छिद्रात टाकतो आणि उत्तम लॉटही एखादा पसरट ग्रुप देतो. हे मला माहीत होते, मी ते इतरांना सांगतही आलो होतो, आणि तरी समोरचा फाटका कागद पाहून विसरलो.

फसलेल्या खरेदीतून एक धागा मात्र हाती लागला. मुलीने वहीत प्रत्येक सरावाची वेळ लिहिली होती. ती पाने शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की दुपारचे ग्रुप बरे आणि सकाळचे वाईट होते. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरची सकाळ पंधरा अंशांच्या आसपास असते आणि दुपार तीसकडे झुकते. थंडीत काय बदलते, हा प्रश्न त्या पानांनी विचारला.

केलेली कार्यवाही

वेग मोजणारे यंत्र लावून सकाळी साडेसहाला २० गोळ्या मारल्या. सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान गोळीत सेकंदाला १९ मीटरचा फरक निघाला. त्याच दिवशी, त्याच पेटीतल्या २० गोळ्या दुपारी तीनला मारल्या तेव्हा फरक १२ मीटर होता. ०.२२ ची स्पर्धेची गोळी साधारण सेकंदाला ३२५ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात ती साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेगात दहा मीटरचा फरक पडला तर ती सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. १९ मीटरच्या फरकाचा हिशेब चौदा मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि आमचा सकाळचा ग्रुप साधारण तेवढाच जास्त ताणला गेला होता. हे जुळल्यावर श्वास, वारा आणि नळी हे तिन्ही संशय एकदम मागे पडले. आता उरला तो काडतूस पेटण्याचा प्रश्न.

पुढची पायरी वडिलांची. वापरलेल्या केस रेंजबाहेर नेऊ नयेत असा आमचा दंडक आहे, म्हणून ते आपला डायल गेज आणि पितळी ठोकळा घेऊन रेंजवर आले. टेबलावर वर्तमानपत्र पसरले, सकाळच्या २० केस एका ओळीत उभ्या केल्या, दुपारच्या दुसऱ्या ओळीत. प्रत्येक केसच्या कडेवर पिनने पाडलेली आयताकृती खूण होती. त्यांनी डायलला बारीक टोक लावले, केस ठोकळ्याच्या खाचेत बसवली, कडेवर शून्य धरले आणि टोक खुणेत उतरवले. तासभर कोणी बोलले नाही. मुलगी आकडे लिहीत होती. दुपारच्या ओळीत खुणांची खोली थोडीफार सारखी होती. सकाळच्या ओळीत सर्वांत उथळ आणि सर्वांत खोल खुणेत जवळजवळ १२० मायक्रॉनचा फरक होता. उथळ खुणा नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येत होत्या. त्यांच्या कडा गोलसर होत्या, खोल खुणांच्या धारदार.

बोल्टमधली, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या दांड्यातली, पिन कधी जोरात तर कधी अर्धवट आपटत होती. कडेतले द्रव्य सारख्या जोराने चेपले नाही तर ते सारखे पेटत नाही, आणि मग दारूचे जळणेही सारखे राहत नाही. वडिलांनी डायल खाली ठेवला आणि बराच वेळ त्या केसकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, बोल्टमध्ये ग्रीस मीच घातलंय."

खंडेनवमीला उद्यमनगरात सगळी यंत्रे धुऊन पुसून, तेलपाणी करून पूजेला मांडतात. त्या दिवशी त्यांनी मुलीची रायफलही काढली, हळदकुंकू वाहिले, आणि लेथच्या स्लाइडला घालतात ते दाट ग्रीस बोल्टच्या आत, पिनच्या भोवती, भरपूर लावले. ऑक्टोबरच्या उन्हात ते जाणवले नाही. थंडी पडली तसे ते चिकट झाले आणि जळलेल्या दारूची काजळी त्यात मिसळत गेली. हे प्रेमाने केलेले काम होते. त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावू नये, असे मी त्या दिवशी मुलीलाही सांगितले, पण तिला ते सांगायची गरज नव्हती. तिने आधीच वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

ग्रीस तिथेच पुसून टाकावे की नाही, हा निर्णयाचा खरा क्षण होता. वडिलांचे हात शिवशिवत होते. पण पिनच्या स्प्रिंगचे वयही दहा वर्षांचे होते आणि तो थकलेला असण्याची शक्यता होती. स्प्रिंग बदलणे ही दुरुस्ती ठरते. म्हणून बोल्ट पुण्यातील परवानाधारक कारागिराकडे कागदपत्रांसह दिला. त्याने आतला भाग धुऊन कोरडा केला, नवा स्प्रिंग बसवला आणि जुना नव्याशेजारी धरून दाखवला. जुना स्पष्टपणे आखूड झालेला होता. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, पुढच्या तोंडाशी काजळीचे कडक कडे जमले होते, तेही त्याने काढले.

मधल्या काळात वडिलांनी आपली कला योग्य ठिकाणी लावली. शिरोलीच्या एका ओळखीच्या फौंड्रीतून त्यांनी बिडाचा जाड पाया ओतून घेतला आणि त्यावर रायफल स्टॉकसह घट्ट बसेल असा पाळणा तयार केला. साठ किलोंच्या आसपास वजनाचा तो पाया रेंजवरच्या सिमेंटच्या ओट्यावर नट-बोल्टने आवळला. शस्त्राच्या कोणत्याही भागाला हात न लावता केलेले हे काम इतके सुबक झाले की इतर नेमबाजही आता लॉट तपासायला तो पाया मागतात.

परिणाम

बोल्ट परत आल्यावर सकाळी साडेसहालाच चाचणी घेतली. २० गोळ्यांत वेगाचा फरक ९ मीटरवर आला आणि खुणांच्या खोलीतला फरक ३० मायक्रॉनच्या आत.

त्यानंतर लॉटची तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली. पाळण्यावर रायफल बांधून पाच लॉट, प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप, आणि ते चारही एकमेकांवर ठेवून एक ४० गोळ्यांचा ग्रुप मोजला. एक लॉट संपवून दुसरा सुरू करण्याआधी नळी गार होऊ दिली आणि प्रत्येक नव्या लॉटच्या पहिल्या दहा गोळ्या हिशेबात धरल्या नाहीत, कारण आधीच्या काडतुसांचे मेण नळीत उरलेले असते. ज्या लॉटला आम्ही पहिल्या दुपारी बाद केले होते तो पहिला आला. ज्याची २००० काडतुसे घेऊन ठेवली होती तो तिसरा. तो वाईट नाही. नीलिंग आणि स्टँडिंगच्या सरावात तो वापरून संपवला.

फेब्रुवारीच्या मध्यापासून प्रोनचे गुण पुन्हा १९७-१९८ वर स्थिरावले आणि एकदा १९९ झाले. नीलिंगमध्ये मात्र काहीच सुधारले नाही. तिथे अडचण तिच्या उजव्या घोट्याखालच्या गुंडाळीच्या उंचीची होती आणि ती सोडवायला आणखी दोन महिने लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण एक दोष सापडला की बाकीचे सगळे दोषही त्याच्याच माथी मारण्याचा मोह होतो.

पुन्हा करायचे झाले तर

सर्वांत आधी क्रम बदलेन. काडतुसांची परीक्षा घेण्यापूर्वी रायफल प्रत्येक वेळी सारखी वागते आहे का, हे बघायला हवे होते. जिची पिन कधी जोरात तर कधी हळू आपटते, अशा रायफलीतून चार लॉट तपासणे म्हणजे हलत्या तराजूवर सोने तोलणे. वापरलेल्या वीस केस ओळीने मांडून कडेच्या खुणा पाहायला दहा मिनिटे लागतात आणि त्यासाठी डायलही लागत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या हातून निसटलीच. ग्रीस, स्प्रिंग आणि काजळीचे कडे या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्यामुळे कोणाचा वाटा किती, हे आम्हाला कधीच कळणार नाही. दुपारच्या उन्हातही फरक १२ मीटरच राहिला होता, यावरून स्प्रिंग थकलेला होता असे मला वाटते. पण कारागिराला आधी फक्त बोल्ट धुऊन द्यायला सांगितले असते आणि मध्ये एक चाचणी घेतली असती तर हे वाटणे सिद्ध झाले असते. राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर होती आणि पुण्याच्या दोन फेऱ्या परवडणाऱ्या नव्हत्या. त्या परिस्थितीत मी आजही कदाचित तोच निर्णय घेईन, पण किंमत काय दिली हे माहीत असून.

नळीच्या तोंडाबद्दल वडिलांना नाही म्हणताना मी फक्त कलम सांगितले. ग्रुप उभाच का पसरतो, हा तांत्रिक मुद्दा तेव्हाच त्यांच्यासमोर मांडला असता तर त्यांची नजर दोन आठवडे आधी पिनकडे वळली असती. ज्याला मोजता येते त्याला नकार देताना त्याच्या हाती मोजण्याजोगे काहीतरी द्यायला हवे होते.

रायफलीची देखभाल-वही आता वडील लिहितात. कोणत्या तारखेला कोणत्या लॉटच्या किती गोळ्या गेल्या, नळी कधी पुसली, स्टॉकचे स्क्रू टॉर्क पान्याने किती ताणले, सकाळचे तापमान किती होते, हे सगळे त्यांच्या मशीन शॉपच्या जॉब कार्डासारख्या रकान्यांत असते. पुढच्या खंडेनवमीच्या तारखेसमोर त्यांच्या अक्षरात एवढेच आहे: "पूजा केली. बोल्ट उघडला नाही. ग्रीस नाही."